प्रशिक्षणार्थी मिशनऱ्यांच्या वसतिगृहात उलट्या-जुलाबाची साथ: जोडीदाराचं काय करायचं?

उत्तरा_युटा
प्रोव्हो (युटा) इथे लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन चर्चचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे. बहुतेक जण अठरा-एकोणीस वर्षांचे, काही आठवडे राहणारे. नवी भाषा शिकणारे जरा जास्त. अशा जागेसाठी हिवाळ्याआधी साथीची कार्यपद्धत लिहायची आहे. प्रत्येकाला एक जोडीदार नेमलेला असतो आणि दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं, असा नियम. एक आजारी पडला तर दुसऱ्याला कुठे ठेवायचं? आणि सॅनिटायझर दारोदार लावलंय, ते पुरेल का?

जंतुशास्त्री
शेवटचं आधी: नाही पुरणार. अशा साथींमागे बहुधा नोरोव्हायरस हा पोटाचा विषाणू असतो. त्याला चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद. सॅनिटायझर काढू नका, पण 'लावलं की झालं' हा समज काढा.

नोरोच आहे का, हे तपासणीचा अहवाल येण्याआधीही बऱ्यापैकी कळतं. निम्म्याहून जास्त रुग्णांना उलट्या, लागण ते लक्षणं सरासरी २४ ते ४८ तास, आजार १२ ते ६० तास, आणि विष्ठेत जिवाणू सापडत नाहीत: हे चारही जुळले तर तोच. सगळ्यांना एकाच जेवणानंतर २-४ तासांत उलट्या झाल्या तर मात्र स्वयंपाकघराकडे बघा, तो प्रकार बहुधा जिवाणूंच्या विषाचा असतो. नमुने उलटीचे नकोत, पातळ विष्ठेचे. पहिल्या ४८-७२ तासांत, निदान पाच जणांचे. काउंटीच्या (तिकडच्या जिल्ह्याच्या) आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवा.

वॉर्डसिस्टर
जोडीदाराबद्दल. त्याला दुसऱ्या निरोगी जोडीत 'तिसरा' म्हणून घालायचा मोह होतो, आणि तिथेच साथ पुढच्या मजल्यावर पोचते. तो संपर्कात आलेला आहे, त्यामुळे ४८ तास संशयितच. संपर्कातल्याची जोडी संपर्कातल्याशी, आजाऱ्याची आजाऱ्याशी लावा. नियमही पाळला जातो. दोन्ही गटांची शौचालयं मात्र वेगळी, याला तडजोड नाही.

उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तासांनीच वर्गात. ही मुलं आजार लपवतात; भाषेत मागे पडू किंवा घरी पाठवतील अशी भीती असते. म्हणून 'आजार सांगणाऱ्याचं काही बिघडणार नाही' हे केंद्रप्रमुखांनी पहिल्याच सकाळी स्वतः सांगावं.

उलटीनंतर १० मिनिटं थांबून ओआरएस घोट-घोट, दर २-३ मिनिटांनी. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर जास्त, मीठ कमी. प्रोव्हो साडेचार हजार फुटांवर, हवा कोरडी. तिथे शरीर लवकर सुकतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा अन्न-पाण्याविना उपास असतो, तो आजाऱ्याने करायचा नाही. ८ तास लघवी नाही, उभं राहताच घेरी, शौचात रक्त किंवा ३९ अंश सेल्सिअसवर ताप: थेट डॉक्टरकडे.

उत्तरा_युटा
खोल्यांत कार्पेट आहे. ब्लीचने रंग जाईल ना?

सफाईवाला_इंजिनिअर
जाईल. आधी ओलं टिपून उचलायचं, मग साबणपाणी, मग वाफ: ७० अंश सेल्सिअसला ५ मिनिटं किंवा १०० अंशांना १ मिनिट. व्हॅक्यूम बिलकूल नको, विषाणू हवेत उडतो.

फरशी, कमोड, नळ, दाराच्या मुठी यांना ब्लीच. तिकडच्या ब्लीचवर ७.५ टक्के लिहिलेलं असेल तर ६७ मिली ब्लीचमध्ये पाणी घालून एकूण १ लिटर करा, म्हणजे ५,००० पीपीएम (दहा लाख भागांत ५,००० भाग). 'शिंतोडे न उडणारं' म्हणून मिळतं ते घट्ट ब्लीच निर्जंतुकीकरणाला चालत नाही. घाण आधी धुवायची. घाणीवर ओतलेलं क्लोरीन तिथेच खर्ची पडतं. मग ५ मिनिटं ओलं राहू द्या. द्रावण रोज ताजं. टॉयलेटच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. उलटीभोवतीचा २५ फुटांचा घेरा स्वच्छ करायचा. लोक डाग पुसतात आणि शेजारचं टेबल विसरतात.

मेसचा_हिशेब
सॅलडचा स्वयंवाढप काउंटर पहिल्या दिवशीच बंद. एक चिमटा दिवसभरात शेकडो हातांतून जातो. वाढायला हातमोजे घातलेला माणूस, आणि तो आजारी पडलेला असेल तर लक्षणं थांबून ४८ तास झालेला. बर्फाच्या यंत्रातला बर्फ काढायचा डाव धुवायचा विसरला जातो.

रविवारचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला पाव वाटायचा विधी, राहिलंच. पाव हाताने मोडतात आणि तबक रांगेत हातोहात फिरतं. पाव मोडणाऱ्यांनी त्याआधी साबणाने हात धुवावेत, ज्यांचे ४८ तास झालेले नाहीत त्यांना त्या कामावर घेऊ नये. साथ चालू असताना हस्तांदोलनही बंद; या मुलांना त्याची फार सवय असते.

जंतुशास्त्री
नवी तुकडी आली तर स्वतंत्र मजल्यावर ठेवा. साथ संपली असं शेवटच्या रुग्णानंतर निदान ४ दिवस नवा रुग्ण नसेल तरच म्हणायचं. बरे झालेल्यांच्या विष्ठेतून विषाणू दोन आठवडे किंवा जास्तही पडत राहतो, तोवर शौचालयातला साबण संपू देऊ नका.