परसातली हळद घरीच शिजवली, पहिला घाणा फसला. उरलेलीचं काय करू?

पलूसची_सून
परसात पाऊण गुंठ्यावर सेलम जातीची हळद लावली होती. अक्षयतृतीयेला लावण, फेब्रुवारीच्या शेवटी काढणी. बियाणं बाजूला ठेवून १३० किलो ओली हळद निघाली. गावात हळद शिजवून देणारा कुकरवाला येतो, पण एवढ्याशा मालासाठी कोण भट्टी पेटवतंय? "वहिनी, निदान अर्ध्या एकराची तरी करा," म्हणाला.

मग मीच चुलीवर मोठं पातेलं चढवलं. वीस किलोचा घाणा, गड्डे (मधले जाड कंद) नि हळकुंडं (त्यांना फुटलेली बोटं) एकत्रच, पाऊण तास. सासूबाई म्हणत होत्या वेगळं कर, पण मला सरपणाची काळजी. आज वाळवणाचा अकरावा दिवस. बारीक हळकुंडं काळपट पडलीत, जेठा गड्डा फोडला तर मध्ये फिकट आणि ओला. बाकीची ११० किलो नंतर काढलेली, ती चार दिवस सावलीत पडून आहे.

मिरजेचा_हळदकरी
ताई, सासूबाई बरोबर होत्या. गड्डा शिजेपर्यंत हळकुंड जास्त शिजतं, रंग जातो. हळकुंड बघून उतरवलं तर गड्डा कच्चा. दोन्ही वेगळे करा, पाणी मालाच्या वर दोन बोटं ठेवा, वर हळदीचाच पाला आणि ओलं पोतं टाकून झाका. घड्याळावर जाऊ नका. फेस येतो, हळदीचा खास वास सुटतो, तेव्हा चारपाच नग काढून काडी टोचा. काडी सहज आरपार गेली की उतरवा. आणि चार दिवस फार झाले हो, काढणीनंतर दोनतीन दिवसांत शिजवायची असते. आजच उरका.

वाळत कशी घातलीय?

पलूसची_सून
गच्चीवर एकेक नग सुटा. लवकर वाळेल म्हणून.

मिरजेचा_हळदकरी
तिथंही चुकलं. फार पातळ पसरली की रंग उतरतो. दोनतीन इंचाचा थर द्या, दिवसातून हलवा, रात्री गोळा करून झाका. दहापंधरा दिवसांनी मोडल्यावर खणकन आवाज आला की वाळली.

कोरेगावकर_घेवडेवाले
आम्ही घरापुरती शिजवतच नाही. कच्चीचे पातळ काप करून वाळवतो, मग गिरणीत. सरपण नको, काडी नको.

मिरजेचा_हळदकरी
घरापुरतं ठीक आहे, दादा. पण ११० किलोचे काप करायला बसलात तर हात पुढच्या दिवाळीपर्यंत पिवळे राहतील. आणि हळकुंड म्हणून विकायची तर शिजवायलाच लागते. ताई, फसलेले गड्डे उभे चिरून परत उन्हात टाका. दळून घरी वापरा, वाया काही जात नाही.

पलूसची_सून
तीन दिवसांनी सांगतेय. परवा पहाटे पाचला चूल पेटवली. आधी सगळी हळकुंडं, मग गड्डे. काडी टोचायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं, मला फक्त जाळ घालायला ठेवलं. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत धूर नि साडीला डाग, पण काल एक हळकुंड मोडून बघितलं तर आतून एकसारखं केशरी. चिरलेले गड्डेही वाळायला लागलेत.

पॉलिशला, म्हणजे वरची साल घासून चकचकीत करायला, ड्रम नाही, पोत्यात घालून दोघीजणी घोळणार. पाच किलो ओलीला एक किलो सुकी धरली तर या ११० किलोची बावीसेक किलो होईल. नणंदेनं आत्ताच पाच किलो सांगून ठेवलीय. पैशाचं काही बोलली नाही.