प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत असताना प्रार्थना नेमकी कशासाठी करावी?

प्रश्न : एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी कापूस-सोयाबीन पिकवणारा कोरडवाहू शेतकरी असून आमच्या गावच्या लहानशा मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ सेवक, म्हणून सेवा करतो. उच्च रक्तदाबामुळे माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आता आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, डायलिसिस घ्यावे लागते. पत्नी स्वतःचे मूत्रपिंड द्यायला तयार होती, पण तपासणीत तिला मधुमेह असल्याचे निघाले. धाकटा भाऊ निरोगी आहे, त्याचीही तयारी आहे, मात्र माझा रक्तगट ए आणि त्याचा बी. म्हणून मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत माझे नाव नोंदवले आहे.

मला विचारायचे आहे ते प्रार्थनेविषयी. आमच्या घरी दर आठवड्याला प्रार्थनासभा होते आणि मंडळीतील माणसे मोठ्या प्रेमाने विनंती करतात की, "प्रभू, आमच्या भावाला लवकर किडनी मिळू दे." त्या शब्दांना आमेन म्हणताना माझी जीभ अडखळते. मला मूत्रपिंड मिळणार म्हणजे कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस किंवा तरुण मुलगा जाणार, हे मला ठाऊक आहे. नागपूर रस्त्यावर अपघात झाल्याची बातमी आली की माझे मन त्या जखमी माणसाच्या घरच्यांकडे जाण्याऐवजी क्षणभर माझ्या फोनकडे जाते, आणि त्या क्षणाची मला भीती वाटते. शेजाऱ्यावर प्रीती करायची आणि त्याच्याच मरणातून येणाऱ्या फोनची वाट पाहायची, हे एकाच अंतःकरणाने कसे करावे?

याला जोडूनच आणखी एक गोष्ट आहे. बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी सभेत सांगितले की, यादीत नाव ठेवणे हा प्रभूवरचा अविश्वास आहे आणि विश्वास पूर्ण असेल तर माणसाने मशीन सोडून द्यावी. मला हे पटलेले नाही. परंतु तेव्हापासून माझी वृद्ध आई दर संध्याकाळी विचारते की, "बापू, तू मनापासून प्रार्थना करतोस ना?" तिला काय सांगावे, हे कृपया कोणी अनुभवी व्यक्तीने लिहावे.

उत्तर : डायलिसिस विभागातील परिचारिका, वाशिम जिल्हा

दादा, सर्वांत आधी हे लिहिते की, कोणीही कितीही आग्रह केला तरी डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. मूत्रपिंडे काम करत नसताना रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि ते वाढले की हृदयाचे ठोके बिघडून, फारशी पूर्वसूचना न देता, माणूस जाऊ शकतो. आपल्या ख्रिस्ती घरांत आजाऱ्याला भेटायला येणारे लोक प्रेमाने नारळपाणी आणि संत्री घेऊन येतात, आणि तुमच्यासाठी नेमक्या याच दोन वस्तू धोक्याच्या आहेत. प्रार्थनासभेत हे मोकळेपणाने सांगावे, कोणी वाईट वाटून घेत नाही. उपवास-प्रार्थनेच्या दिवशीही औषधे आणि ठरवून दिलेला आहार सोडू नये. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा मोजून मिळणाऱ्या पाण्यावर दिवस काढणे किती कठीण असते, हे मी रोज पाहते. प्रभुभोजनाच्या प्याल्यातला घोटसुद्धा त्या दिवसाच्या हिशेबात धरणारे रुग्ण माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या श्रद्धेत मला काही उणे दिसलेले नाही.

आता अपघाताच्या बातमीविषयी. रस्त्यावरच प्राण गेलेल्या व्यक्तीचे मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी वापरता येत नाही. रुग्ण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असावा लागतो, त्याला वाचवण्याचे सर्व उपचार झालेले असावे लागतात, आणि त्यानंतरही मेंदूचे कार्य कायमचे थांबले असेल तरच हा विषय निघतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू प्रमाणित करते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणालाही त्या मंडळात बसता येत नाही. त्यानंतर नातेवाइकांची संमती. यादीतील कोणाला गरज आहे म्हणून कोणाला मृत ठरवले जात नाही. मूत्रपिंड कोणाला द्यायचे हे रक्तगट आणि गुणांवरून ठरते, आणि त्या गुणांत डायलिसिसवर किती काळ काढला याला मोठे वजन असते.

तुमच्या हातात जे आहे ते करा : फोन चालू ठेवा, तपासण्या वेळेवर करा, फिस्टुला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला मार्ग) असलेल्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका की त्या हाताने कापसाचे गाठोडे उचलू नका, आणि डॉक्टरांनी खरोखर आवश्यक म्हटल्याशिवाय रक्त चढवून घेऊ नका, कारण परक्या रक्तामुळे शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये पुढे मूत्रपिंड जुळण्यात अडथळा आणतात. फोन येईल त्या दिवशी ताप किंवा जंतुसंसर्ग असला तर संधी दुसऱ्याकडे जाते.

उत्तर : निवृत्त पाळक, अमरावती जिल्हा

भाऊ, प्रभूमध्ये सलाम. तुमच्या आईच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मला तोच अधिक दुखरा वाटला.

त्या माउलीला यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील अडतिसावा अध्याय वाचून दाखवा. हिज्कीया राजा मरणपंथाला लागला होता, त्याने रडून प्रार्थना केली आणि परमेश्वराने त्याचे आयुष्य १५ वर्षांनी वाढवले, हे तिला माहीत असेलच. पण त्याच अध्यायात यशयाने सांगितले आहे की अंजिरांची ढेप घेऊन गळवावर बांधा. देवाने आयुष्य वाढवण्याचे वचन दिलेले असतानाही औषध लावले गेले आणि त्या औषधाला कोणी अविश्वास म्हटले नाही. पौलाने तीमथ्याला वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. ज्याच्या हातून अनेक आजारी बरे झाले त्याच पौलाला आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारी ठेवून पुढे जावे लागले. आणि त्याच्या शेवटच्या काळात त्याच्याजवळ कोण होता, तर लूक, जो वैद्य होता. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असे पौल लिहीत नाही. आजाऱ्याच्या विश्वासाचे माप काढण्याचा अधिकार त्या प्रचारकांना कोणी दिला, हा प्रश्न तुमच्या मंडळीतील इतर वडिलांनी त्यांना उघडपणे विचारला पाहिजे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घ्यावी असे सांगितले आहे, ते जरूर करावे. वैद्याला घालवून द्यावे असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. आपल्या देशातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झाले. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छताखाली चालवणाऱ्या माणसांनी ते केले.

तुमचा मुख्य प्रश्न मात्र इतक्या सहज सुटणारा नाही, आणि तो तुम्हाला पडावा यातच तुमचे अंतःकरण जिवंत असल्याचे मला दिसते. पौल गलतीकरांना लिहितो की, शक्य असते तर तुम्ही आपले डोळे काढून मला दिले असते. त्या काळी ते केवळ प्रेमाचे बोलणे होते, आज ते देणे खरोखर शक्य झाले आहे. ख्रिस्ती माणसाने मागावे ते हे देणे. मृत्यू मागायचा नाही. मी तुमच्या जागी असतो तर दोन प्रार्थना केल्या असत्या. पहिली, रस्त्यावरचा प्रत्येक प्रवासी आणि अतिदक्षता विभागातला प्रत्येक रुग्ण सुखरूप घरी परतावा, आणि ही प्रार्थना पूर्ण मनाने, काहीही हातचे न राखता. दुसरी, ज्या घरावर मृत्यू आलाच आहे त्या घराला त्या रात्री आधार मिळावा, आणि ते देण्याचे ठरवतील तर त्यांना बळ मिळावे. पहिल्या प्रार्थनेचे उत्तर मिळाले तर तुमची वाट लांबेल, हे ठाऊक असूनही ती करायची. गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतःला काय हवे ते लपवले नाही, प्याला टळावा असे स्पष्ट म्हटले, आणि मग पित्याची इच्छा मागितली. तेव्हा आपल्याला जगायचे आहे हे देवाला सांगायला संकोच करू नका.

पुनरुत्थानाच्या दिवशी शरीर अपुरे राहील अशी शंका आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत अजून ऐकू येते. जो मातीला मिळालेल्यांना उठवणार आहे त्याला एका मूत्रपिंडाची अडचण पडणार नाही.

उत्तर : एका दात्याचे वडील, वर्धा जिल्हा

मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे, तरीही हा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले. माझा मुलगा मोटारसायकलच्या अपघातानंतर नागपूरच्या एका रुग्णालयात मेंदूमृत घोषित झाला आणि आम्ही त्याची मूत्रपिंडे, यकृत व डोळे दिले. तो निर्णय घेताना त्याची छाती वरखाली होत होती आणि अंग ऊबदार होते, त्यामुळे तो गेला आहे हे मान्य करणे त्याच्या आईला अतिशय जड गेले. दुसऱ्या तपासणीचा निकाल येईपर्यंतचे ते तास मी कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत असे म्हणतो.

भाऊ, तुम्हाला एवढेच सांगतो की, माझा मुलगा तुमच्यासारख्या कोणाच्या प्रार्थनेमुळे गेला असे माझ्या मनात कधीही आलेले नाही. तो गेला तो अंधारात रस्त्यावर उभ्या असलेल्या, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीमुळे आणि डोक्यावर हेल्मेट नसल्यामुळे. आम्हाला विचारणा झाली ती तो गेल्यानंतर. ज्याला त्याचे मूत्रपिंड मिळाले त्याचे नाव आम्हाला कळवत नाहीत, नियमच तसा आहे. परंतु ती व्यक्ती अपराधी भावनेने जगत असेल तर मला त्याचे दुःख होईल. त्याने नीट औषधे घ्यावीत, शेतावर जावे, मुलांची लग्ने करावीत.

पाळकसाहेबांच्या लिहिण्यात मला आदर दिसला, म्हणून एक विनंती त्यांनाही करतो. दुसऱ्या कोणाला जीवन मिळावे म्हणून तुमचा मुलगा नेला गेला, ही सर्व योजना होती, असे आम्हाला भेटायला आलेल्या अनेकांनी समजावले. असे कृपया कोणत्याही आईबापाला सांगू नये. त्याचे जाणे हे वाईटच होते. त्यानंतर आम्ही जे केले ते आमच्या हातात होते, म्हणून केले.

उत्तर : निवृत्त पाळक, अमरावती जिल्हा

दादा, तुमचे म्हणणे मला मान्य आहे. लाजराच्या कबरेजवळ प्रभू रडला. तो थोड्याच वेळात त्याला उठवणार होता, तरीही रडला. मृत्यूला चांगले म्हणण्याची सक्ती आमच्या शास्त्रातही नाही.

उत्तर : एका रुग्णाची पत्नी, खामगाव तालुका

माझ्या यजमानांना प्रत्यारोपणाआधी एकदा राखीव रुग्ण म्हणून बोलावले होते. एका मूत्रपिंडासाठी एकापेक्षा अधिक रुग्णांना बोलावतात, दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्त यांची जुळणी तपासतात, आणि ती प्रतिकूल आली तर परत यावे लागते. आम्ही रात्रभर गाडी करून गेलो आणि रिकाम्या हाताने परतलो. मंडळीने तोवर उपकारस्तुतीची सभा ठरवून टाकली होती. घरी आल्यावर सर्वांना तोंड देणे हे त्या प्रवासापेक्षा कठीण होते, म्हणून सांगते की पहिला फोन आला की मोजक्याच माणसांना कळवावे.

पुढे मूत्रपिंड मिळाले तेव्हा सभा झाली, पण यजमानांनी साक्ष देण्याआधी सर्वांना उभे करून त्या अनोळखी कुटुंबासाठी प्रार्थना करायला लावली. वर्धेच्या दादांचे लिहिणे आज मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी आपल्या गोळ्यांचा डबा उघडून सकाळची मात्रा घेतली आहे की नाही हे पुन्हा पाहिले. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिली जाणारी गोळी, आणि तिच्या जोडीची औषधे आयुष्यभर वेळेवर घ्यावी लागतात, त्यात चालढकल चालत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दादा, तुमच्या मुलाविषयी तुम्ही लिहिलेत, त्याला उत्तर म्हणून काय लिहावे हे मला सुचत नाही. या आठवड्याच्या सभेत मी पाळकसाहेबांनी सांगितलेली पहिली प्रार्थना स्वतः करीन आणि मग इतरांना तसे करायला सांगेन. आईला यशयाचा अध्याय काल वाचून दाखवला. तिने अंजिरांचे वचन दोनदा वाचायला लावले आणि आज सकाळी डायलिसिसला जाताना डबा स्वतः बांधून दिला.

सिस्टर, एक विचारायचे राहिले. भावाचा रक्तगट जुळत नाही म्हणून त्याचा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : डायलिसिस विभागातील परिचारिका, वाशिम जिल्हा

दादा, मुळीच सोडू नका. २०११ च्या दुरुस्तीने अदलाबदलीच्या प्रत्यारोपणाला कायदेशीर मान्यता मिळाली आहे. एखाद्या बी रक्तगटाच्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक ए रक्तगटाचा असेल तर तुमचा भाऊ त्या रुग्णाला आणि तो नातेवाईक तुम्हाला मूत्रपिंड देऊ शकतो. ए आणि बी या जोड्यांमध्ये अशी अदलाबदल जुळण्याची शक्यता बरी असते. प्राधिकार समितीची (प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या कायदेशीर समितीची) परवानगी लागते, पैशांचा कोणताही व्यवहार झाला तर तो गुन्हा ठरतो, आणि दोन्ही बाजूंच्या शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करतात. तुम्ही दोघे भाऊ असल्याच्या नात्याचे पुरावे, म्हणजे शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड आणि आधार, आतापासून जमवून ठेवावेत, आणि दोघांच्या नावांचे स्पेलिंग सगळीकडे सारखे आहे ना ते पाहावे. खेड्यातील बहुतेक प्रकरणे तेथेच अडतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा ४.५ लाख रुपये आहे. मेंदूमृत दात्याच्या यादीतील तुमचे नाव तसेच राहू द्या. पुढच्या तपासणीला भावाला सोबत न्या आणि प्रत्यारोपण समन्वयकांना अदलाबदलीच्या नोंदणीविषयी स्पष्ट विचारा.