गावच्या लीगचा लिलाव: १०,००० पॉइंट कसे खर्चायचे?

देवगडकर: ८ संघ, प्रत्येकी १०,००० पॉइंट, १२ खेळाडू, मूळ किंमत २००. टेनिस बॉल, ६ षटकं, एका गोलंदाजाला जास्तीत जास्त २. मोठ्या ओपनरसाठी किती जावं?

मालवणी अंपायर: आधी कमाल बोली काढा. उरलेल्या जागांतून १ वजा करा, २०० ने गुणा, ते उरलेल्या पॉइंटांतून वजा. सुरुवातीला ७,८००. पण तिथवर गेलात तर बाकीचे ११ मूळ किमतीतच घ्यावे लागतील. मी ३,००० च्या वर जाणार नाही.

खरी टंचाई गोलंदाजांची. दोन षटकं म्हणजे ३६ पैकी १२ चेंडू, तिसरा हिस्सा डाव एकाच्या हातात. प्रत्येक संघाला किमान ३ म्हणजे एकूण २४ लागणार. यादीत भरवशाचे १५ च असले तर शेवटी भाव चढतो, म्हणून दोघे आधीच उचला. फेकी ॲक्शनवाला मात्र नको, नो-बॉलमध्येच संपतो.

गुहागरवाला: चाकरमान्यांची सुट्टी आधी विचारा. फायनलला मुंबईत असलेला खेळाडू २०० लाही महाग! आणि नको असलेली मोठी नावं आधी पुकारून दुसऱ्यांचे पॉइंट संपवा.

देवगडकर: नावं चिठ्ठीने निघतात.

गुहागरवाला: मग तो डाव गेला. १,५०० शेवटच्या चिठ्ठ्यांसाठी राखा.