आजच्या मुलांचा मारिओ कोण? (अनुभव धागा)

पिंपळपार
माळा आवरताना व्हिडिओगेमची पिवळी कार्ट्रिज (खेळाची कॅसेट) हाती लागली आणि कानात मारिओची ती उडी वाजली. मारिओ १९८१ चा, 'डाँकी काँग'मधला, तेव्हा त्याचं नाव जंपमन. 'झेल्डा'चा लिंक १९८६, सॉनिक १९९१, पिकाचू नि लारा क्रॉफ्ट १९९६. आज दहा वर्षांच्या पोराच्या दप्तरावर अजून मारिओ, सॉनिक, पिकाचूच आहेत. त्याच्या स्वतःच्या काळातला नायक कुठाय? यातलं कळणाऱ्यांनी नेमकं लिहा. नुसतं 'आमच्या वेळी' नको.

सोळा_बाय_सोळा
मारिओ असा दिसतो कारण जागाच नव्हती. १६ बाय १६ ठिपके. केस काढणं अवघड म्हणून त्याचे जनक मियामोतो यांनी टोपी दिली, तोंड मावेना म्हणून मोठं नाक नि मिशी, पळताना हात दिसावेत म्हणून डांगरी नि बाही वेगळ्या रंगाची. १९८५ च्या खेळात ८ बाय ८ च्या एका तुकड्याला तीनच रंग, चौथा पारदर्शक. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा! आज पात्राच्या जाकिटाची शिवणसुद्धा दिसते, पण ते पात्र काळ्या शाईने भरून टाका आणि मुलाला विचारा कोण आहे. सावलीवरून ओळखता आलं नाही तर ते मूल त्याला वहीच्या मागच्या पानावर काढणार नाही. नायक तिथेच हरवतो.

रिकामी_बॅटरी
सोळादादांशी सहमत, पण मूळ कारण पैशाचं आहे. रोब्लॉक्स, फोर्टनाइट हे खेळ फुकट, कमाई स्किनवर, म्हणजे पात्राच्या कपड्यांवर. ठरलेल्या चेहऱ्याच्या, ठरलेल्या कपड्यांच्या नायकाला रोज नवे कपडे कसे विकणार? म्हणून नायकाची जागा मुद्दाम मोकळी ठेवतात, तिथे मूल स्वतः उभं राहतं. वाईटच आहे असं नाही. पण स्वतःला सजवणं वेगळं आणि दुसऱ्या कुणासाठी जीव वरखाली होणं वेगळं.

मंगळागौर
अवांतर. पिंपळपार, ती कार्ट्रिज चालते का?

पिंपळपार
पडद्यावर अक्षरांचा भुगा येतोय :(

सोल्डर_काका
कार्ट्रिजमध्ये फुंकू नका! थुंकीतल्या ओलाव्याने तिच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. फुंकल्यावर चालायची ती फुंकरीने नव्हे, काढून परत बसवल्यामुळे पिना नीट टेकायच्या म्हणून. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालतात ती कापूसकाडी, ६० पट्ट्या (दोन्ही बाजूंना ३०-३०) उभ्याच पुसायच्या, आडव्या नाही. काडी काळी येईपर्यंत नव्या घ्या. १० मिनिटं वाळवा. फारच डाग असतील तर पांढरं खोडरबर, अगदी हलक्या हाताने, नाहीतर वरचा मुलामा निघतो. बसवताना-काढताना स्विच बंद. आणि ॲडाप्टर दुसरा लावणार असाल तर सॉकेटजवळची अधिक-उणेची खूण आधी बघा, उलट लागला तर आतला ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) जातो.

मंगळागौर
काका, खेळातली बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर चालेल का?

सोल्डर_काका
नाही ताई. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो उजेड बंदुकीने त्याच क्षणी टिपायचा असतो. सपाट टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, नेम हुकतो. जुना डबा टीव्हीच लागेल.

कट्ट्यावरून
नवे नायक नाहीत म्हणणाऱ्यांनी ॲस्ट्रो बघा. पीएस५ (सोनीचा गेमचा डबा) सोबत २०२० मध्ये फुकट मिळालेला छोटा रोबो. २०२४ च्या 'ॲस्ट्रो बॉट'ला त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर मिळालं. एक शब्द बोलत नाही, निळ्या डोळ्यांनी हसतो, रुसतो. सोळादादांच्या शाईच्या परीक्षेत पास! अडचण एवढीच की पीएस५ किती घरांत आहे? मारिओ आपल्याकडे नकली डब्यांतून आला म्हणून गल्लीगल्लीत पोचला.

कोथरूडकरीण
आणि राजीचं नाव कुणीच घेतलं नाही? पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केलेला खेळ, २०२०. भाऊ गोलूला शोधायला निघालेली मुलगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ, मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेल्या. मुलींना आवर्जून दाखवा. लढाई आहे, लहानग्यांच्या शेजारी बसा.

उडीबाज
दिसण्यावर सगळे बोलताय, उडीवर कुणी नाही! मारिओ आवडतो कारण बटण दाबून धरलं तर उंच जातो, सोडलं तर बुटकी उडी. म्हणजे बोटाचं ऐकतो. 'सेलेस्ट'मधली मॅडलिन (२०१८) बघा, कडेवरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी घेऊ देते. मुलाला वाटतं 'मी वेळेत दाबलं'. हा न्याय वाटला की पात्र आपलं होतं.

पिंपळपार
हे घरी करून बघता येईल का?

उडीबाज
येईल, स्क्रॅचमध्ये (मुलांसाठीचं कोडिंग), फुकट आहे. आधी ग्राफपेपरवर १६ बाय १६ चौकोन, तीनच रंग, नायक मुलानेच काढायचा. मग 'वेग' नावाचं चल (बदलता आकडा). प्रत्येक फेरीत वेग १ ने कमी, वाय (नायकाची उंची) तेवढ्याने बदला. जमिनीत रुतला तर सुटेपर्यंत १-१ ने वर उचला आणि वेग शून्य. 'हवेत' हे दुसरं चल: जमिनीवर ०, नाहीतर दर फेरीत १ वाढवा. 'हवेत' ३ पेक्षा कमी असेल तरच स्पेसने वेग १२. स्क्रॅच सेकंदाला ३० फेऱ्या मारतं, म्हणजे ही सवलत साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाची. उडी घेताच 'हवेत' ९ करा, विसरलात तर पोरगं रॉकेटसारखं वर जातं. स्पेस सोडली आणि वेग ४ पेक्षा जास्त असेल तर ४ करा, झाली बुटकी उडी.

मंगळागौर
डावीकडे वळला की उलटा लटकतो, डोकं खाली

उडीबाज
फिरण्याची पद्धत 'डावे-उजवे' करा ताई. आणि पळताना थरथरत असेल तर प्रत्येक पोशाख (नायकाचं चित्र) मधल्या खुणेवर आणा.

मंगळागौर
झालं! आता कन्या म्हणते नायकाला ओढणी हवी आणि ती उडीबरोबर उडायला हवी.

सोळा_बाय_सोळा
द्याच. दोन ठिपके पुरतील. वर जाताना खाली, उतरताना वर, दोन पोशाख.

पिंपळपार
काका, नववी काडी, अजून काळीच येतेय.

सोल्डर_काका
पुसत राहा.