तेर्वुरेन आणि आपलं तेर: वस्तू कुणाच्या?

लातूरकर: ब्रुसेल्सजवळच्या तेर्वुरेनचं आफ्रिका संग्रहालय पाहून आलो. इमारत राजवाड्याच्या थाटाची, पैसा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा यानं काँगोतून ओरबाडलेला. १८९७ च्या प्रदर्शनात तिथं २६७ काँगोवासी आणून झोपड्यांत मांडले होते, जत्रेत जनावरं मांडावीत तसे. सात जण दगावले. आताची इमारत १९१० ची. २०१३ ला बंद करून, मांडणी बदलून २०१८ ला परत उघडली. मी म्हणतो, मांडणी कसली बदलता? वस्तू परत करा अन् कुलूप लावा.

गोदाकाठ: कुलूप लावलं की बेल्जियनांचीच सुटका. तिथं एका भिंतीवर काँगोत मेलेल्या १,५०८ बेल्जियनांची नावं आहेत, ती पाहिली का? काँगोचा शिल्पकार फ्रेडी त्सिंबा, त्यानं समोरच्या काचांवर बेल्जियममध्ये मेलेल्या काँगोवासीयांची नावं लिहिली. ऊन आलं की त्यांची सावली त्या यादीवर पडते. भिंतच नसती तर सावली कशावर पडली असती?

तांड्यावरची: सावलीचं कौतुक पुरे. इथल्याच एका संग्रहालयात (नाव घेत नाही) काचेआड 'लमाणी स्त्रीचा पोशाख' आहे. कुणाचा, कुठल्या तांड्यावरचा, काही नाही. पुतळ्याला कांचळी (आमची चोळी) उलटी घातलीय, पाठीवरच्या नाड्या पोटावर! माझी याडी (आई) बघून आधी हसली, मग बाहेर येऊन गप्प बसली.

जुना मास्तर: म्हणून तेर्वुरेन सोडा, धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर बघा. रामलिंगप्पा लामतुरे गावचेच. पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडलेल्या वस्तू त्यांनी जमवल्या, त्यातून संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या हस्तिदंती बाईच्या मूर्तीसारखीच एक इटलीतल्या प्राचीन पॉम्पेईत निघाली. कुणाला लुटलं का?

लातूरकर: मास्तर, तेरच्या त्या बाईवर हक्क सांगायला कोण येणार? काँगोवाले तर दारात उभे आहेत. २०२२ ला बेल्जियमच्या राजानं तेर्वुरेनमधला काकुंगू मुखवटा काँगोची राजधानी किन्शासाला नेऊन दिला, तोही बेमुदत उसना. चोरीची म्हैस चोरानं मालकालाच अर्धलीनं द्यावी, तसलं हे.

गोदाकाठ: म्हशीचं पटलं. कुलपाचं नाही.

जुना मास्तर: तांड्यावरच्या बाई, त्या पोशाखाची पाटी तुम्हीच का लिहून देत नाही?

तांड्यावरची: म्हटलं होतं की तसं. अर्ज करा म्हणाले. केलाय. पाटीचं राहू द्या सावकाश, आधी त्या नाड्या तरी मागं घ्या.