राखीव मतदारसंघातलं मतदान : तुमच्याकडचे अनुभव सांगा

परवा भाच्याने विचारलं, "मामा, आपल्या शहाद्यात पाटील आमदार का होत नाही?" पोरगं २००९ नंतर जन्मलेलं, त्याला वाटलं हे असंच असतं. माझ्या लहानपणी शहादा म्हटलं की पी. के. अण्णा पाटील. साखर कारखाना त्यांचा, सभा त्यांच्या. तेव्हा शहादा खुला आणि शेजारचा तळोदा राखीव होता. २००८ च्या पुनर्रचनेत तळोदा मतदारसंघ गेला आणि शहादा अनुसूचित जमातीसाठी राखीव झाला. २००९ ला पद्माकर वळवी निवडून आले. आमच्या गुजर आळीत त्या वर्षी पारावरच्या गप्पाच बंद पडल्या होत्या. चर्चा करायची तर कोणाची, उमेदवारांपैकी एकही घरोब्यातला नाही! प्रचाराला आलेल्याला चहा द्यायचा की नुसतं पाणी, यावरून आमच्या घरात वाद झाला. आजी म्हणाली, "दारशी उना तो पाव्हना शे." चहा दिला.

नंदुरबार जिल्ह्यातले चारही मतदारसंघ राखीव आहेत : अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर. शिवाय साक्री, शिरपूर आणि चोपडा. तिथल्या निवडणुका तुम्ही कशा पाहिल्या ते लिहा. कोण चांगला, कोण वाईट हे नको, डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

शिरपूर तालुका, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव

१९९० पासून २००४ पर्यंत प्रत्येक वेळी अमरिशभाई पटेल. मग जागा राखीव झाली आणि २००९ पासून काशिराम पावरा. आधी पंजावर, २०१९ पासून कमळावर. पटेलही त्याच वर्षी भाजपमध्ये आले. लोक म्हणतात, राखीव होऊन काय फरक पडला? मी पावरा आहे, मला पडला. माझा बाप मत द्यायला जायचा तेव्हा बूथवर चप्पल काढून उभा राहायचा. साहेबांपुढे चप्पल घालायची नाही अशी सवय. २००९ नंतर एकदा घरी येऊन म्हणाला, "आपल्यातलाच माणूस आहे, चप्पल कशाला काढू." कामं कोणाच्या शब्दावर होतात हा वेगळा विषय आहे, त्यावर इथे भांडणं होतील.

चोपडा

आमच्याकडे आधी अरुणभाई गुजराथी, विधानसभेचे अध्यक्ष. २००४ ला ते पडले, २००९ ला जागा राखीव झाली. बाकी लिहिण्यासारखं काही नाही, मी तेव्हा पुण्यात होतो.

जिल्हा परिषद शिक्षक, दोन वेळा केंद्राध्यक्ष

अक्कलकुवा राज्यातला क्रमांक एकचा मतदारसंघ आणि मणिबेली त्यातलं पहिलं केंद्र, हे पेपरात वाचायला छान वाटतं. नर्मदाकाठच्या केंद्राचा आदेश हातात पडला की बायको आधी विचारते, पोहता येतं का? सरदार सरोवराच्या फुगवट्यात रस्ते बुडाले, म्हणून यंत्रं बार्जमधून जातात. माझं केंद्र मणिबेलीचं नव्हे, पण त्याच पाण्यावरचं. मतदानाच्या दोन दिवस आधी निघालो. लाइफ जॅकेट अंगात, कंट्रोल युनिटची पेटी मांडीवर. शिपाई एकाच गोष्टीला घाबरत होता : मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटला पाणी लागलं तर? मी म्हटलं, आधी तुला लागू नये एवढं बघ.

काठावरून पाडा वर दिसतो तो हाताच्या अंतरावर, चढायला लागला पाऊण तास. शाळेच्या एका खोलीत केंद्र. मोबाइलला रेंज नाही. पहाटे मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घ्यायचा तर उमेदवारांचे एजंट हवेत. पंधरा मिनिटं वाट पाहिली, एकच आला, तोही टॉर्च परत न्यायला. पन्नास मतं टाकली, मोजली, पुसली. सात वाजता दार उघडलं तर बाहेर तीस-चाळीस बायका बसलेल्या, रात्रीच निघालेल्या. एका म्हातारीला मशीनवरची चित्रं दिसेनात. मी बोट दाखवू शकत नाही, तिला माझं मराठी कळेना. शेवटी नात सोबतीला आली, तिचा नियमाप्रमाणे फॉर्म भरला. म्हातारीने बटण दाबलं आणि पीऽऽप झाल्यावर मशीनलाच हात जोडले.

परतीला वारा सुटला. नावाडी म्हणाला, थांबा. झोनल साहेबांना कळवायला रेंज नव्हती. तीन तास काठावर पेटीवर हात ठेवून बसलो. पाड्यातून कोणीतरी भाकरी आणि लसणाची चटणी आणून दिली. निवडणूक काळात कोणाचं काही घ्यायचं नसतं. खाल्ली.

नंदुरबार शहर

आमच्या आजोबांना काँग्रेसचं गाय-वासरू जाऊन पंजा कधी आला ते नीट सांगता यायचं, उमेदवारांची नावं नाही. १९९५ ला विजयकुमार गावित अपक्ष निवडून आले, तेव्हा आजोबा म्हणाले, "पंजा नसताना माणूस कसा जिंकतो?" पुढे गावित राष्ट्रवादीत गेले, मग भाजपमध्ये. आजोबा तोवर राहिले नाहीत. २०१९ ची गंमत तर त्यांना सांगायलाच हवी होती : उदेसिंग पाडवी नंदुरबारला पंजावर, मुलगा राजेश पाडवी शहाद्यात कमळावर, एकाच दिवशी. बाप पडला, मुलगा आला.

धडगाव

के. सी. पाडवी सात वेळा आमदार. २०१९ ला आमच्या अक्कलकुवा मतदारसंघात आमश्या पाडवींवर २,०९६ मतांनी जिंकले, २०२४ ला त्यांच्याकडूनच २,९०४ मतांनी हरले. हीना गावित अपक्ष उभ्या होत्या, त्यामुळे गणित तिरंगी. मोजणीच्या दिवशी आम्ही दहा-बारा पोरं एका फोनभोवती. प्रत्येक फेरीला आघाडी बदलली की गावातला एक गट ढोल उचलायचा आणि दुसरा खाली ठेवायचा. ढोल गावात एकच आहे.

नवापूर

आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, माणसंही तशीच. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीकडे जातात आणि २०२४ चं मतदान नेमकं २० नोव्हेंबरला. वडील टोळीत होते. उचल घेतलेली, मुकादम सोडेना. शेवटी अकरा जणांनी वर्गणी काढून पिकअप केली, रात्री दोनला गावी आले, सकाळी मत टाकून दुपारी परत. शिरीष नाईक शरद गावितांवर १,१२१ मतांनी निवडून आले. गावितांना मत देणारे टोळीत होते, नाईकांना देणारेही होते, एकाच पिकअपमध्ये. निकालानंतर दोन्हीकडचे म्हणाले, आपण अकरा जण आलो म्हणून एवढी चुरस झाली.

मुकादमाने दोन दिवसांचा खाडा धरला.