शब्दचर्चा: 'बर्नआउट'ला थकवा म्हणावं का?

प्रश्न: रुग्णालयातल्या इनचार्ज सिस्टरांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतेय. कामाच्या ताणाने येणाऱ्या 'बर्नआउट'ला सगळीकडे 'थकवा' लिहिलंय, पण वाचताना खटकतं. एकांनी 'कार्यक्लांती' सुचवलं. ते वॉर्डात कोण बोलणार? दुसरं काही आहे का?

उत्तर: थकवा नकोच. पाय भरून येतात, अंग आंबतं, ते झोपेने उतरतं. शीण जरा खोल, पण तोही घालवता येतो. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली 'बर्नआउट'बद्दल लिहिलं ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणाऱ्यांना पाहून. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याचे तीन पदर मांडले: गळून जाणं, माणसांबद्दल तुसडेपणा येणं आणि 'माझ्या हातून काही होत नाही' असं वाटत राहणं. थकव्यात यातला पहिलाच बसतो.

उत्तर: मग 'वीट' बघा ना. मी इनचार्ज असताना 'दमले हो सिस्टर' म्हणणाऱ्या मुलीची काळजी नसायची. नाइटनंतर ऑफ दिला की हसत यायची. काळजी असायची ती जिच्या तोंडी पेशंटसाठी 'आजोबा' जाऊन 'बेड बारा' आलं तिची. एकीला मी सुट्टी दिली, तर परत आली ती तशीच. शेजारी बसून विचारलं तेव्हा कळलं, सणासुदीला दर वेळी हिचाच ऑफ कापला जायचा, आणि सांगायचं कुणाला हेच तिला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ड्यूटी मुलींना समोर बसवून लावायला लागले. कुरबुर पुष्कळ कमी झाली.

उत्तर: ताई, अनुभव पटला, शब्द नाही. 'वीट आला' म्हटलं की दोष त्या मुलीवर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाशी जोडलं. मॅस्लॅक आणि त्यांचे सहसंशोधक मायकेल लायटरही कामाकडेच बोट दाखवतात: भार किती, आपल्या कामावर आपला ताबा किती, कदर होते का, सोबतचे कसे, न्याय आहे का, मनाला पटतं का. तुमच्या त्या मुलीचं दुखणं ताब्याचं आणि न्यायाचं होतं, सुट्टीने कसं जाईल? (आणि ड्यूटी सुटल्यावर ताणमुक्तीचं सक्तीचं व्याख्यान ठेवणारे साहेब! म्हणजे आणखी तासभर ड्यूटीच की.) मी 'पिचणं' म्हणेन. पिचलेला माणूस म्हटलं की कशाखाली पिचला हे विचारावंच लागतं.

प्रश्नकर्ती: 'कामाने पिचणं' घेते. पहिल्यांदा येईल तिथे 'बर्नआउट' शेजारी ठेवते, कारण मुली तोच शब्द बोलतात. 'थकवा' फक्त अंगाच्या दमणुकीसाठी राहील. आणि हो, ड्यूटी रोस्टरला कुणी तरी 'पाळीपत्रक' केलंय, ते आजच काढते. वॉर्डात हशा पिकेल.